इंग्लंडमधलं जुनं पॅरिश चर्च कसं पाहावं: बाहेरच्या फेरीपासून वेदीपर्यंत

इंग्लंडमधल्या एखाद्या जुन्या पॅरिश चर्चबद्दल, म्हणजे गावाच्या किंवा वस्तीच्या चर्चबद्दल, ‘हे कधी बांधलं?’ असं विचारलं, तर एका सालात उत्तर देता येत नाही. भिंती बाराव्या शतकातल्या, खिडक्या पंधराव्या, बाकं एकोणिसाव्या, हा तिथला नेहमीचा प्रकार. एखाद्या वाड्याला प्रत्येक पिढीने आपल्या ऐपतीप्रमाणे खण वाढवावेत, तशी ही इमारत वाढत गेलेली असते. म्हणून ती पाहताना प्रत्येक भागाला दोन प्रश्न विचारत राहायचे: इथे आधी काय होतं, आणि ते बदलायला पैसा कुठून आला?

चर्च ऑफ इंग्लंडकडे आज सुमारे १६,००० चर्च आहेत आणि त्यांतली १२,०००हून अधिक संरक्षित इमारतींच्या यादीत आहेत. शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा मुलांकडे राहायला म्हणून इंग्लंडला गेलेली आपली माणसं मोठी कॅथीड्रल आवर्जून पाहतात. ती पाहावीतच. पण मला गावातलं चर्च अधिक मोलाचं वाटतं, कारण तिथे राजे आणि बिशप यांच्यापेक्षा गावकऱ्यांचा पैसा, त्यांची हौस आणि मरणानंतर आपलं काय होणार ही त्यांची धास्ती भिंतींवर उमटलेली दिसते.

निघण्याआधी

रविवारची सकाळ उपासनेची. बसायचं असेल तर स्वागतच होतं, पण तेव्हा भिंती न्याहाळत फिरू नये. आठवड्यातल्या इतर दिवशी बरीच चर्च दिवसभर उघडी असतात; बंद असलं तर किल्ली कुणाकडे आहे याची चिठ्ठी पुष्कळदा पोर्चमध्ये लावलेली सापडते. सोबत दुर्बीण घ्या, कारण सगळ्यांत सुंदर कोरीव काम छताला असतं. एक टॉर्चही घ्या. टॉर्च भिंतीला चिकटवून तिरपा प्रकाश पाडला की पुसट खोदकाम उठून दिसतं.

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेच्या १:५०,००० नकाशावर काळ्या चौकोनावरचा क्रूस म्हणजे बुरुज असलेलं चर्च, काळ्या गोळ्यावरचा क्रूस म्हणजे बहुधा स्पायर, म्हणजे उंच टोकदार शिखर, असलेलं, आणि नुसता क्रूस म्हणजे दोन्ही नसलेलं. अनोळखी भागात चालत फिरताना या तीन खुणा फार उपयोगी पडतात.

पहिली फेरी बाहेरून

आत जाण्याची घाई करू नका. आधी संपूर्ण इमारतीला एक फेरी मारा, कारण बांधकामाचे सांधे बाहेरून जास्त स्पष्ट दिसतात.

दिशा ओळखणं सोपं आहे, कारण वेदी पूर्वेला असते. पश्चिम टोकाला बहुतेक वेळा बुरुज. मध्ये लोकांनी उभं राहण्याचं किंवा बसण्याचं लांब दालन, म्हणजे नेव्ह. त्याच्या पूर्वेला अरुंद आणि सहसा ठेंगणं वेदीगृह, म्हणजे चॅन्सल. नेव्हच्या बाजूंना वाढवलेले पट्टे म्हणजे आइल. येण्याजाण्याचं दार बहुधा दक्षिणेला आणि त्यावर पोर्च.

मग दगडाकडे बघा. कालवे आणि रेल्वे येण्यापूर्वी दगड बैलांच्या गाडीने किंवा नदीतूनच आणावा लागे. वाहतूक इतकी महाग पडायची की गाव जवळच्या खाणीवरच भागवायचं. डॉर्सेटपासून कॉट्सवोल्ड्स आणि नॉर्दम्प्टनशरमार्गे लिंकनशरपर्यंत चुनखडीचा पट्टा जातो, तिथली चर्च मधाळ किंवा करड्या रंगाच्या घडीव दगडाची आहेत. नॉरफक आणि सफकमध्ये असा दगड नाही, गारगोटी आहे. तिचे चौकोनी चिरे निघत नाहीत आणि बुरुजाचे कोपरे बांधायला बाहेरून दगड आणावा लागतो. तिथे गोल बुरुज इतके का आहेत, याचं एक कारण हेच मानलं जातं. इंग्लंडमध्ये असे गोल बुरुज सुमारे १८० आहेत आणि त्यांतले बहुसंख्य नॉरफकमध्ये. काही ठिकाणी जुन्या रोमन इमारतींचाच माल वापरलेला दिसतो. नॉर्दम्प्टनशरमधल्या ब्रिक्सवर्थच्या कमानींना रोमन विटा आहेत आणि काउंटी डरममधल्या एस्कमच्या सातव्या शतकातल्या चर्चमध्ये एका रोमन सैन्यदलाचं नाव कोरलेला चिरा उलटा बसवला आहे.

आता भिंतीवर सांधे शोधा. चिऱ्यांचे थर एकमेकांत गुंतण्याऐवजी वरपासून खालपर्यंत सरळ उभी दर्ज दिसली, तर तिच्या दोन बाजू वेगवेगळ्या काळात बांधलेल्या आहेत. दगडाचा रंग किंवा चिऱ्याचा आकार मध्येच बदलला, तर तिथे काम थांबून पुन्हा सुरू झालं होतं किंवा भिंत उंचावली होती. भिंतीत बुजवलेली कमान दिसली, तर तिथे पूर्वी दार किंवा आइल असणार. ठरावीक अंतरावर छोटी चौकोनी छिद्रं बुजवलेली दिसतात, ती परांचीच्या आडव्या लाकडांची. उत्तरेच्या बुजवलेल्या दाराला काही ठिकाणी ‘सैतानाचं दार’ म्हणतात. पण ही दारं सणावारी निघणाऱ्या मिरवणुकांसाठी वापरली जात. सोळाव्या शतकात इंग्लंड कॅथलिक पंथ सोडून प्रोटेस्टंट झालं, त्या मिरवणुका बंद झाल्या आणि दारांचं कामच उरलं नाही.

पायाखालची जमीनही बघा. पुष्कळ चर्चच्या भोवतीचं आवार आतल्या फरशीपेक्षा उंच असतं. शेकडो वर्षं तिथे माणसं पुरली गेल्याने माती चढत गेली.

खिडक्या: सर्वांत उपयोगी आणि सर्वांत फसव्या

कालखंड ओळखण्यासाठी सगळे जण आधी खिडकी पाहतात आणि ते बरोबरच आहे. फक्त एक नियम पक्का ठेवा. खिडकीवरून भिंतीचं वय ठरत नाही. भिंत साधारण निदान तेवढी जुनी असावी, एवढंच कळतं. अंधार वाटला किंवा नवी पद्धत आवडली की गावकरी जुनी खिडकी काढून मोठी बसवत, भिंत तीच राही.

१०६६ मध्ये फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. त्यापूर्वीच्या अँग्लो-सॅक्सन खिडक्या लहान असतात, कधी वरून अर्धगोल, कधी दोन सरळ दगड एकमेकांना टेकवून केलेल्या त्रिकोणी. अशा इमारतीच्या कोपऱ्यात एक दगड उभा, एक आडवा अशी आळीपाळीची रचना दिसली तर खूण पक्की. नॉर्दम्प्टनशरमधल्या अर्ल्स बार्टनचा बुरुज पाहिला की ही शैली पुन्हा विसरता येत नाही. त्याच्या भिंतींवर दगडी पट्ट्यांची अशी नक्षी आहे की लाकडी सांगाड्याचा भास होतो.

१०६६ नंतरची शंभर-सव्वाशे वर्षं नॉर्मन शैलीची. अर्धगोल कमान, जाड भिंत, आणि त्यात बाहेरून चिंचोळी पण आतल्या बाजूला रुंद होत जाणारी खिडकी. दारावर नागमोडी, कोनाकोनाची नक्षी. सुमारे ११८० पासून कमान टोकदार होऊ लागते. या अर्ली इंग्लिश शैलीच्या खिडक्या उंच, अरुंद, भाल्याच्या पात्यासारख्या, एकेकट्या किंवा तीन-तीनच्या गटात असतात. त्यांच्यात दगडी जाळी नसते.

दगडी जाळी आली की आपण तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि चौदाव्या शतकात आलो. या शैलीला डेकोरेटेड म्हणतात. आधी वर्तुळं आणि पाकळ्यांसारखे भूमितीचे आकार, मग ज्योतीसारख्या वाहत्या रेषा. माझ्या मते इंग्रज पाथरवटांनी दगडात सर्वाधिक मोकळेपणाने हात चालवला तो याच काळात. १३४८-४९ च्या प्लेगने माणसंही नेली आणि कारागीरही. अनेक ठिकाणी काम अर्धवट राहिलं आणि पुन्हा सुरू झालं तेव्हा पद्धत बदललेली होती.

ती बदललेली पद्धत म्हणजे पर्पेंडिक्युलर, साधारण १३५० ते १५४०. खिडकीचे उभे दगडी दांडे खालून थेट वरच्या कमानीला जाऊन भिडतात, मध्ये आडवे दांडे येतात आणि सगळी खिडकी चौकटींची होते. कमानीचा माथा बसका होतो. भिंतीत दगड कमी आणि काच जास्त. अर्ली इंग्लिश, डेकोरेटेड आणि पर्पेंडिक्युलर ही तीन नावं वास्तुविशारद थॉमस रिकमनने १८१७ मध्ये रूढ केली. त्या काळच्या पाथरवटांना ती माहीत नव्हती आणि एक शैली संपून दुसरी सुरू झाली असं गावोगावी एकाच वर्षी घडलं नाही. दहा-वीस वर्षं इकडेतिकडे धरूनच अंदाज बांधा.

मोठ्या पर्पेंडिक्युलर खिडक्या दिसल्या की गावात लोकरीचा किंवा कापडाचा पैसा आला होता का, हे विचारा. सफकमधल्या लॅव्हनमचा बुरुज १४१ फूट, म्हणजे सुमारे ४३ मीटर उंच आहे. तो ज्यांच्या पैशातून उभा राहिला त्यांत ऑक्सफर्डचा अर्ल जॉन डी व्हेअर आणि कापडाचा व्यापारी थॉमस स्प्रिंग हे प्रमुख. सरदाराची कुलचिन्हं आणि व्यापाऱ्याचं दुकानी चिन्ह तिथे एकाच इमारतीवर कोरलेली आहेत. जवळच्या लाँग मेलफर्डला देणगीदारांची नावं आणि त्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करण्याची विनंती बाहेरच्या भिंतीवरच अक्षरांत बसवली आहे.

पोर्च

पोर्चमध्ये पाच मिनिटं थांबा. मध्ययुगात लग्नविधीचा पहिला भाग दाराशी होत असे, गावातले करारमदारही इथेच ठरत. दाराच्या शेजारी तुटका कोनाडा असेल तर त्यात पवित्र पाणी ठेवत. आत जाणारा त्यात बोटं बुडवून क्रूसाची खूण करी. दक्षिणेच्या भिंतीवर किंवा दाराच्या चौकटीवर हाताच्या तळव्याएवढं वर्तुळ, मध्ये भोक आणि त्यातून निघणाऱ्या रेघा दिसल्या तर ते मिस्साची, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या कॅथलिक उपासनेची, वेळ दाखवणारं सूर्यघड्याळ आहे. भोकात काडी खोचली की सावली पडे. असं घड्याळ आज पोर्चच्या सावलीत असेल, तर पोर्च नंतर बांधला, हे तुम्ही कुठलंही पुस्तक न उघडता सांगू शकता.

आत आल्यावर आधी मागे उभे राहा

सरळ वेदीकडे चालू लागू नका. दाराजवळ दगडी बाप्तिस्मा-कुंड असेल, तिथे उभे राहा. बाप्तिस्मा म्हणजे मंडळीत प्रवेश, म्हणून ते दाराशी. चर्च नव्याने बांधलं तरी कुंड बहुधा जुनंच ठेवत, त्यामुळे आवारातली सर्वांत जुनी वस्तू तेच असण्याची शक्यता असते. त्याच्या काठावर तुटल्याच्या खुणा शोधा. आतलं पाणी चोरून जादूटोण्यासाठी नेतात म्हणून कुंडांना कुलूपबंद झाकणं बसवावीत, असा आदेश कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड यांनी १२३६ मध्ये काढला होता. त्या कड्या पुढे उपटल्या गेल्या आणि दगडाचे टवके उडाले.

आता नेव्हच्या दोन्ही बाजूंचे खांब आणि कमानी बघा. दोन बाजू सारख्या नसतील तर छानच. आइल वाढवायची रीत अशी: जुन्या भिंतीच्या बाहेर आधी आइलची भिंत आणि छप्पर बांधायचं, म्हणजे आत उपासना चालू राहते. मग जुनी भिंत टप्प्याटप्प्याने फोडून त्यात खांब आणि कमानी घालायच्या. म्हणून खांबांवरची भिंत पुष्कळदा खांबांपेक्षा जुनी असते, आणि कमानींच्या वर कधी कधी जुन्या खिडकीचा अर्धा तुकडा अडकलेला सापडतो. दक्षिणेकडे दार आणि थडगी असल्याने उत्तरेचं आइल अनेक ठिकाणी आधी झालं. जाड गोल खांब आणि अर्धगोल कमानी एका बाजूला, सडपातळ खांब आणि टोकदार कमानी दुसऱ्या बाजूला, असं दिसलं की दोन पिढ्यांचं काम समोरासमोर उभं आहे.

आइल वाढली की मध्यभागी अंधार होई. त्यावर उपाय म्हणून पंधराव्या शतकात नेव्हच्या भिंती उंच करून वर खिडक्यांची ओळ काढली आणि शिशाच्या पत्र्याचं जवळजवळ सपाट छप्पर घातलं. जुन्या उतरत्या छपराची तिरकी रेघ बुरुजाच्या पूर्वेकडच्या अंगावर, आतून किंवा बाहेरून, अजून दिसते. ती मला नेहमी आधी शोधावीशी वाटते.

मान वर करा आणि दुर्बीण काढा. सफकमधल्या ब्लाइथबरोला तुळयांच्या मध्यावर पंख पसरलेले लाकडी देवदूत आहेत. चर्चमधल्या मूर्तींना विरोध करणाऱ्या प्युरिटन पंथाच्या सैनिकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्याची गोष्ट तिथे सांगत. पंखांत सापडलेले छर्रे मात्र अठराव्या शतकात छताखाली घरटी करणारे जॅकडॉ पक्षी मारण्यासाठी झाडलेले निघाले.

चॅन्सल आणि भिंतीतले कोनाडे

नेव्ह भव्य आणि चॅन्सल साधं, किंवा उलट, असं का? नेव्हची डागडुजी गावकऱ्यांच्या अंगावर होती, चॅन्सलची रेक्टरकडे, म्हणजे गावाचा धार्मिक दशांश घेणाऱ्या धर्मगुरूकडे किंवा मठाकडे. लोकरीच्या पैशावर गावकऱ्यांनी नेव्ह पुन्हा बांधलं आणि दूरच्या मठाने चॅन्सलवर खर्च केला नाही, तर आज दोघांत दोनशे वर्षांचं अंतर दिसतं. हा मुद्दा माहिती-फलकावर क्वचितच असतो, पण मला तो चर्च समजून घेण्याच्या मुळाशी वाटतो.

वेदीच्या उजवीकडे, दक्षिणेच्या भिंतीत, तळाशी भोक असलेला लहान कोनाडा असतो. मिस्सानंतर पात्रं धुतलेलं पाणी त्यातून भिंतीत जिरवत. असाच कोनाडा आइलच्या पूर्व टोकाला सापडला, तर तिथेही एकेकाळी वेदी होती हे नक्की. त्याच्या शेजारी भिंतीत तीन बैठका असतील तर त्या धर्मगुरूंच्या. खांबाजवळून तिरपं आरपार भोक पाडलेलं दिसलं तर त्यातून डोकावून बघा: नजर थेट मुख्य वेदीवर जाते.

चॅन्सलच्या तोंडाशी, भिंतीत उंचावर, कुठेही न जाणारं एक दार दिसेल. तिथे नेव्ह आणि चॅन्सलच्या मध्ये लाकडी पडदा होता, त्यावर सज्जा आणि वर क्रुसावरच्या येशूची मोठी मूर्ती. सोळाव्या शतकाच्या मध्यावर मूर्ती काढल्या, १५६० च्या दशकात सज्जेही उतरवले गेले. जिना मात्र भिंतीतच राहिला.

त्याच काळात भिंतींवरच्या चित्रांवर चुन्याचा हात फिरला. सफकमधल्या वेनहॅस्टनला अखेरच्या न्यायाचं चित्र लाकडी फळ्यांवर होतं. १८९२ मध्ये दुरुस्तीच्या वेळी चुना फासलेल्या त्या फळ्या जुनं लाकूड समजून आवारात काढून टाकल्या. रात्री पाऊस पडला, चुना धुऊन गेला आणि सकाळी चित्र समोर आलं.

एकोणिसावं शतक ओळखा

आत उघड्या दगडाच्या भिंती पाहून ‘किती जुनं!’ असं वाटतं. मध्ययुगात या भिंती गिलावा करून रंगवलेल्या असत. तो गिलावा बहुधा व्हिक्टोरियन काळात खरवडला गेला. धारदार कडांचे, झिजेचा मागमूस नसलेले दगड, चॅन्सलमधल्या रंगीत नक्षीच्या चकचकीत फरशा, एकसारखी पिवळसर पाइनची बाकं ही त्या काळाची चिन्हं. अशा दुरुस्तीविरुद्ध कवी आणि कलाकार विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. जुन्याची डागडुजी करावी, त्याला पुन्हा कोरं करू नये, हा तिचा आग्रह. मला मॉरिसचं म्हणणं पटतं, तरी त्या दुरुस्तीशिवाय कित्येक छपरं कोसळली असती हेही खरं आहे.

या काळातल्या वास्तुविशारदांत सर्वांत गाजलेलं नाव जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. इंग्लंडमधल्या शेकडो चर्चची दुरुस्ती करणाऱ्या याच स्कॉटने मुंबई विद्यापीठाचा दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर यांचे आराखडे केले. कुलाब्याचं अफगाण चर्चही मध्ययुगीन शैली पुन्हा आणण्याच्या त्याच काळच्या चळवळीतून आलं. पहिल्या अफगाण युद्धातल्या मृतांच्या स्मरणार्थ बांधलेल्या आणि १८५८ मध्ये अर्पण झालेल्या त्या चर्चची शैली अर्ली इंग्लिश आहे. इंग्लंडला जाण्याआधी टोकदार अरुंद खिडक्या, लांब नेव्ह आणि वेगळं काढलेलं चॅन्सल तिथे जाऊन पाहा, नजर तयार होते. फक्त तिथे सगळं एका आराखड्याचं आहे, त्यामुळे सांधे शोधण्याचा सराव तिथे होणार नाही.

सरावासाठी इफ्ली

पहिलं चर्च म्हणून मी ऑक्सफर्डजवळचं इफ्लीचं सेंट मेरी द व्हर्जिन सुचवेन. ऑक्सफर्डहून थेम्सच्या काठाने चालत इफ्ली लॉकपर्यंत जाता येतं आणि तिथून चर्च जवळच आहे. आकाराने लहान, आइल नाहीत, त्यामुळे गोंधळ कमी. बांधकाम साधारण ११६० ते ११८० या काळातलं.

पश्चिमेच्या दारापासून सुरुवात करा. नागमोडी नक्षीचे थर आणि चोच असलेली कोरीव डोकी, म्हणजे नॉर्मन. वरची गोल खिडकी मात्र एकोणिसाव्या शतकातली दुरुस्ती आहे. तिच्या कडा आणि दाराच्या कडा ताडून पाहा. मग दक्षिणेच्या बाजूने जा. भिंत नॉर्मन, पण मोठ्या जाळीदार खिडक्या नंतरच्या, म्हणजे वर सांगितलेला नियम इथे डोळ्यांसमोर येतो. बुरुज पश्चिमेला नसून नेव्ह आणि चॅन्सल यांच्या मध्ये आहे. त्याच्याही पूर्वेला गेलात की पूर्व टोकाचा भाग अर्धगोल कमानी सोडून टोकदार होतो: तेराव्या शतकात चॅन्सल लांबवलं तेव्हाची ही वाढ. त्याच शतकात ॲनोरा नावाची एक स्त्री चर्चला लागून असलेल्या खोलीत आयुष्यभर कोंडून घेऊन प्रार्थना करत राहिली. तिच्या आईला, मटिल्डा डी ब्रेओजला, जॉन राजाच्या कैदेत उपासमारीने मरण आलं होतं.

आत गेल्यावर काळ्या तूर्ने दगडाचं कुंड बघा. हा दगड आजच्या बेल्जियममधून समुद्रापार आणलेला आहे, म्हणजे बांधणाऱ्याकडे पैसा होता. चॅन्सलच्या छतात जुन्या आणि वाढवलेल्या भागाची सीमा कुठे आहे ती स्वतः शोधा, मग माहितीपुस्तिका उघडा. नेव्हमध्ये १९९५ मध्ये बसवलेली चित्रकार जॉन पायपरची रंगीत काचेची खिडकी आहे. तिच्यात प्राणी आणि पक्षी येशूच्या जन्माची बातमी देतात. आठशे वर्षांपूर्वीच्या भिंतीत ती जराही उपरी वाटत नाही.

इफ्ली नीट पाहून झालं की कोरीव कामासाठी हेरफर्डशरमधलं किल्पेक, रंगीत काचेसाठी ग्लॉस्टरशरमधलं फेअरफर्ड आणि लोकरीच्या वैभवासाठी लॅव्हनम, या क्रमाने जा. फेअरफर्डला सकाळी लवकर पोहोचा. तिथल्या २८ खिडक्यांत मध्ययुगाच्या अखेरची काच जवळजवळ पूर्ण संचासह टिकली आहे आणि पूर्वेच्या खिडक्यांना सकाळचा उजेडच लागतो. निघताना दानपेटीत काही टाका, कारण या इमारतींची छपरं मुख्यतः अशाच पैशावर टिकून आहेत. पोर्चला जाळीचं दार असेल तर ते ओढून घ्या, नाहीतर पक्षी आत शिरून अडकतात.